टाकीतल्या नळीत घासलेली वायर : १९९८ चे बोइंग ७३७ प्रकरण

१० मे १९९८, रविवार. अमेरिकेत त्या दिवशी मदर्स डे होता, म्हणजे विमानतळांवर गर्दीचा दिवस. अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकाने, म्हणजे एफएएने, त्याच दिवशी आदेश काढला : ५०,००० तास किंवा त्याहून अधिक उडालेली बोइंग ७३७-१०० आणि ७३७-२०० विमाने तपासणी झाल्याशिवाय प्रवासी घेऊन उडणार नाहीत. ४०,००० ते ५०,००० तास झालेल्या विमानांना १४ दिवसांची मुदत मिळाली. आणखी काही दिवसांत ७३७ च्या ३००, ४०० आणि ५०० या मालिकाही आदेशाच्या कक्षेत आल्या.

कारण होते इंधनटाकीतून जाणारी एक वायर. टाकीतल्या बूस्ट पंपाला, म्हणजे इंधन इंजिनाकडे ढकलणाऱ्या पंपाला, वीज नेणारे वायरींचे बंडल ॲल्युमिनियमच्या नळीतून, म्हणजे कन्ड्युइटमधून, जाते. काही जुन्या विमानांत हे बंडल नळीला घासून खोलवर झिजलेले सापडले. एका ठिकाणी इन्सुलेशन संपून तांबे उघडे पडले होते आणि नळीच्या आतल्या भिंतीवर आर्किंगच्या, म्हणजे विजेच्या ठिणगीने जळल्याच्या, खुणा होत्या. नळीला टाचणीच्या टोकाएवढी भोकेही आढळली. ती आतून आर्कने पडली असावीत, असा निष्कर्ष निघाला. नळीच्या बाहेर इंधन असते.

मागे टीडब्ल्यूए ८०० या उड्डाणाच्या अपघाताची सावली होती. १७ जुलै १९९६ रोजी न्यूयॉर्कहून पॅरिसला निघालेल्या ७४७ च्या मधल्या टाकीचा स्फोट होऊन २३० जण गेले. त्याआधी, ११ मे १९९० रोजी, मनिला विमानतळावर फिलिपीन एअरलाइन्सच्या ७३७-३०० ची मधली टाकी जमिनीवरच फुटली आणि आठ प्रवासी दगावले. ही दोन्ही प्रकरणे आणि १९९८ ची वायर यांचे कारण एकच होते असे म्हणता येत नाही. पण टाकीच्या आतबाहेरची प्रत्येक वायर संशयाने पाहिली जाऊ लागली ती टीडब्ल्यूएनंतर, आणि ७३७ मधले हे दुखणे हाती लागले ते याच काळात.

नळी, बंडल आणि टाकी

बूस्ट पंपाची मोटर तीन फेजची, ११५ व्होल्ट, ४०० हर्ट्झवर चालणारी. तिच्या फेजच्या वायर एकत्र बांधून त्यांवर टेफ्लॉनची स्लीव्ह चढवतात आणि हे बंडल नळीत ओवतात. नळीचे टोक टाकीच्या भिंतीबाहेर, स्पारपाशी (पंखाच्या मुख्य आडव्या तुळईपाशी), उघडते. नळीच्या आत हवा आणि बाहेर इंधन अशी ही रचना आहे. धातूची ती पातळ भिंत म्हणजेच टाकीची सीमा.

कागदावर ही रचना चांगली आहे. वायर इंधनात बुडत नाही, पंपाची वायर बदलायला टाकीत उतरावे लागत नाही, आणि नळी स्ट्रक्चरला, म्हणजे विमानाच्या सांगाड्याला, बाँड केलेली (वीज वाहील अशी जोडलेली) असल्याने फॉल्ट झाला तर प्रवाहाला परतीची वाट असते. अडचण अशी की नळीत क्लॅम्प लावता येत नाही. उघड्या हार्नेसला, म्हणजे नळीबाहेरच्या वायरींच्या जुडग्याला, दर ६० सेंटिमीटरच्या आत क्लॅम्प हवा, आणि दोन क्लॅम्पमध्ये हाताने दाबल्यावर वायर सुमारे अर्धा इंच हलावी, त्याहून जास्त नाही, हा साधा नियम आहे. नळीतले बंडल मात्र पूर्ण लांबी मोकळे पडून असते. इंजिन, पंप आणि पंखाच्या कंपनाने ते सतत नळीवर थरथरते.

आता हिशेब करू. रोज सुमारे सात तास उडणारे विमान वर्षाला अडीच हजार तास उडते आणि ५०,००० तास गाठायला त्याला वीस वर्षे लागतात. ५०,००० तास म्हणजे १८ कोटी सेकंद. सेकंदाला शंभरच थरथरी धरल्या तरी १,८०० कोटी घासे. टेफ्लॉन रसायनांना दाद देत नाही, तापमान सोसते, निसरडे असते. पण ते मऊ आहे आणि सततच्या दाबाखाली हळूहळू सरकून पातळ होते. त्यात नळीच्या आत सुटलेली ॲल्युमिनियम ऑक्साइडची बारीक पूड मिसळली की स्लीव्ह आणि धातू यांच्यामध्ये पॉलिश पेपरच फिरू लागतो. आधी स्लीव्ह जाते, मग वायरचे वरचे आवरण, मग आतले. तपासणीचा निकष विमानाचे वय न धरता उड्डाणतास धरला गेला, तो यामुळे योग्यच होता.

ब्रेकर का पडला नाही

या प्रकरणाचा गाभा इथे आहे, आणि अनुभवी मेकॅनिकही इथेच फसतात. तांबे नळीला लागले तर ब्रेकर, म्हणजे प्रवाह जास्त झाला की वीज तोडणारा स्विच, पडेल, असे गृहीत धरले जाते. घट्ट, टिकून राहणारा शॉर्ट असेल तर पडेलही. घासलेल्या वायरचा स्पर्श तसा नसतो.

११५ व्होल्ट एसीचे शिखरमूल्य सुमारे १६३ व्होल्ट. हवेतून ठिणगी उडायला, अंतर कितीही अनुकूल असले तरी, किमान सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास लागतात. म्हणजे उघडे तांबे नळीपासून केसभर दूर असेल तर काहीच होत नाही. पंप चालतो, दिवे नीट, ॲमीटर शांत. कंपनाने तांबे नळीला टेकते आणि लगेच सुटते, त्या सुटण्याच्या क्षणी आर्क पेटतो. तो मिलिसेकंदांत विझतो. विमानातला नेहमीचा ब्रेकर थर्मल असतो, त्यातली द्विधातू पट्टी तापून वाकावी लागते. दुप्पट प्रवाहालाही त्याला कित्येक सेकंद लागतात. मिलिसेकंदाचा झटका त्याला कळतही नाही.

टाकीतल्या वाफेला मात्र एवढा झटका पुरून उरतो. इंधनाच्या वाफेचे मिश्रण पेटवायला लागणारी किमान ऊर्जा प्रमाणन नियमांत ०.२ मिलिज्यूल धरतात. समजा आर्कवर वीस व्होल्ट पडले आणि ५० अँपिअर एक मिलिसेकंद वाहिले : ऊर्जा झाली एक ज्यूल. किमान गरजेच्या ५,००० पट. असे झटके एकाच जागी वारंवार बसले की ॲल्युमिनियम वितळते आणि नळीला भोक पडते.

भोक इंधनाच्या पातळीखाली असेल तर ऑक्सिजन नसल्याने लगेच स्फोट होत नाही. इंधन नळीत शिरते आणि स्पारच्या बाहेर ठिबकते. पण उड्डाणात पातळी खाली जाते, तीच नळी वाफेत उघडी पडते, आणि वायर अजून जिवंत असते. स्पारपाशी नळीच्या तोंडातून इंधनाचा ठिपका दिसला तर तो सील गळतीचा समजून सीलंट लावून मोकळे होणे हा या प्रकरणातला सर्वांत धोकादायक शॉर्टकट ठरला असता. नळीच्या तोंडातून येणारे इंधन, दुसरे कारण सिद्ध होईपर्यंत, वायरिंगच्या दोषाचेच समजायचे.

मेगरवर विसंबू नका

मग ५०० व्होल्टचा मेगर, म्हणजे इन्सुलेशनचा रोध मोजणारे मीटर, लावून भागणार नाही का? नाही. तांबे आणि नळी यांत कोरड्या हवेचे अर्ध्या मिलिमीटरचे अंतर असले तरी ५०० व्होल्ट ते ओलांडू शकत नाहीत. मेगर शेकडो मेगोहम दाखवेल आणि आत वायर सोललेली असेल. शिवाय ज्या नळीत इंधन शिरले असण्याची शंका आहे तिथे ५०० व्होल्ट सोडणे हा शुद्ध वेडेपणा. म्हणूनच १९९८ च्या आदेशाचा भर मोजमापावर नव्हता. वायर नळीतून बाहेर काढा आणि डोळ्यांनी पाहा, हे त्याचे सार होते. मेगरचे काम नंतर, नवी वायर बसवल्यावर, आणि तेही टाकी वाफमुक्त असल्याची मोजणी झाल्यावर, पंपाचा कनेक्टर सोडवून. मोटर जोडलेली ठेवून मेगर केल्यास आकडा मोटरच्या वाइंडिंगचा येतो, वायरचा येत नाही.

वायर बाहेर काढताना

पंपांचे ब्रेकर ओढून त्यांवर कॉलर आणि टॅग लावायचे, बॅटरी आणि ग्राउंड पॉवर तोडायची, विमान अर्थ करायचे. वाफ मोजायचे मीटर टाकीच्या तोंडाशी आणि नळीच्या तोंडाशी, दोन्हीकडे धरायचे. दुसरी जागा लोक विसरतात. हीट गन, साधा टॉर्च, मोबाइल या क्षेत्राबाहेर.

दोन्ही टोकांचे कनेक्टर सोडवण्याआधी पिनची जागा आणि वायर क्रमांक लिहून घ्यायचे. तीन फेजपैकी दोन अदलाबदल झाल्या तर मोटर उलटी फिरते आणि पंपाचा दाब कोसळतो. कनेक्टर सोडवल्यावर बंडलाच्या एका टोकाला मेण लावलेली नायलॉनची दोरी बांधायची, म्हणजे वायर बाहेर येताना दोरी नळीत राहते आणि नवी वायर तिनेच ओढून घेता येते. ओढ सरळ, सावकाश, हाताने. अडकले तर झटका द्यायचा नाही. अडकण्याची जागा अनेकदा झिजेचीच असते आणि झटक्याने पुरावाही फाटतो.

बाहेर आलेले बंडल पांढऱ्या कापडावर सरळ पसरायचे. स्पारकडच्या टोकापासून अंतर मोजत प्रत्येक खूण लिहायची : किती सेंटिमीटरवर, कोणत्या बाजूला, किती लांब. ही नोंद पुढे बोअरस्कोपने (आत घालून पाहायच्या बारीक कॅमेऱ्याने) नळी पाहताना नेमक्या जागी नेते. स्लीव्हवर काळी पूड असेल तर ती कापडावर टिपायची. नुसती राखाडी पूड म्हणजे घर्षण. काजळीसारखी काळी, चिकट, कडेला तांब्याचे गोल मणी असलेली खूण म्हणजे आर्क. दहापट भिंगाखाली हा फरक स्पष्ट कळतो : घासून तुटलेल्या तारेचे टोक चपटे आणि चकाकते, आर्कने वितळलेले टोक गोल.

नळीची तपासणी वायरीइतकीच महत्त्वाची, तरी घाईत तीच वगळली जाते. लवचीक बोअरस्कोप पूर्ण लांबी फिरवायचा. मग कोरडे पांढरे कापड दोरीला बांधून आरपार ओढायचे आणि वास घ्यायचा. इंधनाचा वास आला तर कुठेतरी भोक आहे, बोअरस्कोपला दिसो वा न दिसो. शंका असेल तर मॅन्युअलमध्ये दिलेल्या दाबाने गळती चाचणी.

काय सापडले तर काय करायचे

फक्त स्लीव्ह झिजली, वायरचे आवरण अखंड : नवी स्लीव्ह चढवून तीच वायर पुन्हा वापरता येते, मॅन्युअलची मर्यादा पाळून. आवरण झिजून आतला थर दिसू लागला : वायर बदला. तांबे दिसले : सगळे बंडल बदला आणि नळी पुन्हा बारकाईने पाहा. आर्कची खूण नळीवर दिसली : नळीही बदला, टाकी रिकामी करून, आणि निष्कर्ष नियामकाला कळवा. नळीतल्या भोकावर सीलंट किंवा पॅच, हा पर्यायच नाही.

इथे उघड्या हार्नेसच्या दुरुस्तीशी तुलना करायला हवी, कारण चूक त्या सवयीतूनच होते. पंखाच्या पुढच्या कडेत किंवा व्हील वेलमध्ये (चाके आत घेण्याच्या जागेत) वायर घासली तर स्प्लाइस, म्हणजे दोन टोके जोडणारा सांधा, घालून दुरुस्त करणे मान्य आहे. एम८१८२४ प्रकारचा स्प्लाइस, आत क्रिम्प बॅरल (तारेवर दाबून बसवायची धातूची नळी) आणि बाहेर पारदर्शक आकुंचन पावणारी सीलबंद स्लीव्ह. लाल २६ ते २० गेजसाठी (गेज म्हणजे वायरीच्या जाडीचे माप), निळा २० ते १६, पिवळा १६ ते १२. दोन कनेक्टरांमधल्या एका वायर तुकड्यात एकच स्प्लाइस. बंडलमध्ये अनेक स्प्लाइस असतील तर ते पुढेमागे, म्हणजे एकाच जागी गाठ जाड होत नाही. कनेक्टरच्या बारा इंचांच्या आत स्प्लाइस टाळायचा. क्रिम्प टूल कॅलिब्रेट केलेले आणि त्या स्प्लाइससाठीच नेमलेले हवे. नमुना क्रिम्प ओढून पाहायचा : २० गेजच्या तांब्याच्या वायरीला किमान १९ पाउंड, म्हणजे सुमारे ८.६ किलो, २२ गेजला १५ पाउंड. रॅचेट पूर्ण न सुटता उघडलेले टूल, सोलताना कापल्या गेलेल्या तारा, बॅरलच्या खिडकीत न दिसणारे तांबे : स्प्लाइस निकामी होण्याची ही तीन नेहमीची कारणे.

टाकीच्या नळीत यातले काहीही लागू नाही. नळीत स्प्लाइस नाही, तुकडा नाही. एका कनेक्टरपासून दुसऱ्यापर्यंत अखंड वायर. स्प्लाइसची जाडी नळीत पुन्हा घासण्याची नवी जागा तयार करते, आणि तो भाग परत कधी नजरेस पडणार नाही.

वायरचा प्रकारही मॅन्युअलमध्ये लिहिलेलाच. स्टोअरमध्ये तेच गेज उपलब्ध आहे म्हणून कॅप्टॉन आवरणाची वायर टाकणे महागात पडते. पॉलिइमाइडचे हे आवरण हलके आणि कणखर, पण एकदा आर्क झाला की त्याचा कोळसा होतो, आणि तो कोळसाच वीज वाहतो. मग शेजारच्या वायरीही पेट घेतात.

परत ओवताना

नळीच्या तोंडाची कड बोटाने फिरवून पाहायची. धार असेल तर ती गुळगुळीत करून, ग्रोमेट (कडेचे संरक्षक आवरण) नीट बसवूनच पुढे जायचे. नवी स्लीव्ह पूर्ण लांबीची आणि दोन्ही तोंडांबाहेर थोडी येणारी हवी. स्लीव्ह आत आखडली आणि वायर नळीच्या कडेवर उघडी बसली, तर नव्याने केलेले काम जुन्यापेक्षा वाईट. बंडल ओढताना स्लीव्ह गोळा होऊ नये म्हणून ती दोरीलाच बांधायची, वायरला नाही.

बाहेर आलेल्या भागाला वळणाची त्रिज्या सर्वांत जाड वायरीच्या व्यासाच्या किमान दहापट. कनेक्टरआधी ओघळ खाली जाईल असा ड्रिप लूप. नंतर प्रत्येक फेजची कंटिन्युइटी (वायर अखंड असल्याची चाचणी), फेज ते फेज आणि फेज ते स्ट्रक्चर इन्सुलेशन, नळीचे बाँडिंग. शेवटी पंप चालवून प्रेशर लाइट विझतो का आणि तिन्ही फेजचा प्रवाह सारखा आहे का, हे पाहायचे. एक फेज इतरांपेक्षा ठळकपणे वेगळी वाचली तर पंप चालतोय म्हणून सही करायची नाही.

भारतातल्या ताफ्यांना याचा संबंध

त्या काळात अलायन्स एअर ७३७-२०० उडवत होती, आणि मुंबईहून जेट एअरवेजचा ताफा ७३७ च्या नंतरच्या मालिकांचा होता. विमानाची रचना ज्या देशात मंजूर झाली, तिथल्या नियामकाची एअरवर्दिनेस डायरेक्टिव्ह, म्हणजे सुरक्षेचा बंधनकारक आदेश, भारतात इथला नियामक असलेल्या डीजीसीएमार्फत बंधनकारक ठरते. त्यामुळे ‘आदेश अमेरिकेचा’ असे म्हणून कोणत्याही एएमईला, म्हणजे विमान देखभाल अभियंत्याला, सुटका नव्हती.

पुढे काय बदलले

२००१ मध्ये एफएएने एसएफएआर ८८ हा नियम आणला. निर्मात्यांना प्रत्येक मोठ्या प्रवासी विमानाची इंधनटाकी पुन्हा तपासून, कोणत्याही एका दोषाने टाकीत ठिणगी पडणार नाही हे दाखवावे लागले. त्यातून काही वायरिंगच्या जागा, स्लीव्हचे प्रकार आणि अंतरे ‘बदलता न येणारी’ म्हणून मॅन्युअलमध्ये वेगळी नोंदली गेली. हार्नेस दुरुस्त करणाऱ्याने काम सुरू करण्याआधी ही यादी उघडायची असते. २००७ मध्ये वायरिंगला विमानाची स्वतंत्र प्रणाली मानणारे ईडब्ल्यूआयएस नियम आले आणि तपासणीचे वर्ग पक्के झाले : हाताच्या अंतरावरून सर्वसाधारण नजर टाकणे, आणि भिंग-आरसा घेऊन तपशीलवार पाहणे. २००८ मध्ये टाकीतील वाफेची ज्वलनक्षमता कमी करण्याचा नियम आला, आणि नायट्रोजन-समृद्ध हवा टाकीत सोडणारी यंत्रणा नव्या विमानांत रूढ झाली.

ब्रेकरच्या मुळाशी असलेल्या उणिवेला थेट उत्तर मिळाले ते ग्राउंड फॉल्ट इंटरप्टरने. ७३७ च्या बूस्ट पंपांच्या सर्किटमध्ये ते बसवण्याचे आदेश नंतर निघाले. तिन्ही फेजमधून जाणारा आणि परत येणारा प्रवाह तो सतत तोलतो. थोडा प्रवाह नळीतून स्ट्रक्चरकडे निसटला की बेरीज शून्य राहत नाही, आणि पट्टी तापायची वाट न पाहता पंपाची वीज तुटते. तो पडला की रीसेट करून विमान पाठवायचे नाही. पंप बंद ठेवून, वायर नळीतून काढून, वर सांगितलेली तपासणी पहिल्या पायरीपासून करायची.